शिंगाळ्याचा काटा

मी अकोल्याला आले ती एका महिन्यासाठी. बॅगेत चार ड्रेस, लॅपटॉप आणि प्रबंधाची अर्धवट फाईल एवढंच होतं. बाकीचा पसारा रत्नागिरीला, बंदराजवळच्या भाड्याच्या खोलीत तसाच सोडला होता. दोरीवर वाळत घातलेला टॉवेलसुद्धा. जानेवारी महिना होता. बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात, उजवा पाय गेला आणि त्यांच्याबरोबर बोलणंही गेलं.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आयुष्यभर बोलले. वर्गात बोलले, जयंतीच्या सभांमध्ये बोलले, आई गेल्यानंतर रोज फोनवर माझ्याशी तासतासभर बोलले. आता त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता. चहा. तोही पुरता नाही, नुसतंच "चा". डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मेंदूतली बोलण्याची जागा दुखावली की कधी कधी असं होतं. एखादाच शब्द शाबूत राहतो आणि माणूस सगळं त्याच शब्दात सांगू पाहतो. कूस बदलायची असली की "चा". पंखा कमी कर म्हणायचं असलं की "चा". लघवी लागली की "चा". आणि कधी कधी खरोखरच चहा हवा असायचा. त्यांना समजत मात्र सगळं होतं. वाक्य आत तयार आहे आणि बाहेर यायला वाट नाही, हे त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. मी दोन-तीनदा चुकीचा अंदाज केला की ते डोळे मिटून घ्यायचे.

दादा बंगळूरला नोकरीत. तो आठ दिवस राहिला आणि निघताना म्हणाला, "तू सध्या लिहूनच राहिली ना? मग इथं बसून लिही. एक महिना पाह्य. मग काहीतरी करू."

एकाचे दोन महिने झाले, दोनाचे पाच. सकाळी बाबांना उठवायचं, अंग पुसायचं, दात घासून द्यायचे, मऊ भात किंवा खिचडी भरवायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, दुपारी पायाचा व्यायाम घ्यायचा. एक बाई सकाळी दोन तास यायच्या आणि धुणंभांडी करून जायच्या. त्या गेल्या की मी पुढच्या जाळीच्या दाराला आतून कुलूप लावायची. त्याचंही कारण होतं. मार्च महिन्यात बाबा वॉकर धरून थोडे चालायला लागले होते. मी अंघोळीला गेले असताना ते एकटेच बाहेर निघाले आणि फाटकाजवळ पडले. त्यानंतर ते चाललेच नाहीत, पण माझी कुलपाची सवय गेली नाही. चावी दाराशेजारच्या खिळ्याला. कुलूप बाबांसाठी लावलं होतं, असं मी सगळ्यांना सांगायची. आत दोघंही होतो.

एप्रिल-मेमध्ये अकोल्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकणं शक्य नसतं. खिडक्यांना ओल्या चादरी, कूलरचा घरघराट, बाबा पलंगावर आणि मी शेजारी खुर्चीत. मी त्या खुर्चीत बसून समुद्रातल्या माशाबद्दल लिहायचा प्रयत्न करत होते.

माझा अभ्यास शिंगाळ्यावर होता. अमरावतीला एम.एस्सी. करताना आमची सहल कोकणात गेली होती. तिथल्या एका धक्क्यावर एका खलाशाने एक मोठा, मिशाळ, बिनखवल्याचा मासा उचलला, त्याचा जबडा अंगठ्याने दाबला आणि तोंडातून पिवळ्या-नारिंगी गोट्या घरंगळत बाहेर पडल्या. खेळायच्या गोटीएवढी एकेक. "अंडी," तो म्हणाला. "हा बाप आहे." मी वऱ्हाडातली मुलगी, खारपाणपट्ट्यातली. आमच्याकडे विहिरीला खारं पाणी लागतं, तेवढीच आमची समुद्राशी ओळख. पण ती अंडी पाहिली आणि पुढचं ठरून गेलं.

शिंगाळा किनाऱ्यालगत, गाळाच्या तळाशी राहतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडाच. त्याच्या मिशा चव घेतात, तो चाखत चाखत पुढे सरकतो. हातात धरला तर कण्हल्यासारखा आवाज करतो. त्याच्या अंगावर तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूंच्या परांना. काट्याच्या कडेला करवतीसारखे दाते, ते उलटे वळलेले. काट्यावर कातडीचं पातळ आवरण असतं आणि विष त्या आवरणात. साप नळीतून विष सोडतो तसं इथं काही नाही. काटा घुसला, आवरण फाटलं, की विष जखमेत उतरतं. मासा घाबरला की काटे उभे करतो आणि ते मुळाशी असे अडकतात की दाराला खीळ घातल्यासारखे. मग मासा मेला तरी ते खाली बसत नाहीत. जाळ्यात तो याच काट्यांमुळे गुरफटतो. ज्याने जीव वाचायचा त्यानेच तो अडकतो.

पण मला काट्यांत रस नव्हता, तोंडात होता. मादी अंडी घालते आणि निघून जाते. नर ती तोंडात घेतो आणि पिल्लं फुटून, त्यांच्या पोटाखालचं पिवळं बलक संपून, ती आपलं आपण पोहायला लागेपर्यंत तोंडातच बाळगतो. कित्येक आठवडे. तोवर तो काही खात नाही, असं म्हणतात. खरंच काहीच खात नाही का? त्याचं पोट, आतडं, यकृत या काळात कसं होतं? आणि जाळ्यात सापडल्यावर घाबरून तोंड उघडतो तेव्हा नेमकं किती गमावतो? माझा प्रबंध एवढ्याच प्रश्नांचा होता. दोन हंगामांचं काम झालं होतं. अमरावतीचे माझे मार्गदर्शक सर फोनवर दरवेळी तेच सांगायचे, "काम चांगलं आहे, पण नमुने कमी पडतात. अजून एक हंगाम पाहिजे." मी हो म्हणायची आणि फोन ठेवून बाबांची कूस बदलायची.

ऑगस्टमध्ये समुद्रातली मासेमारीची बंदी उठली आणि मला एक युक्ती सुचली. मला समुद्राकडे जाता येत नसेल तर समुद्र अकोल्यात आणायचा. मुंबईकडून रेल्वेने थर्माकोलच्या पेट्यांत बर्फात घातलेले मासे अकोल्याच्या मच्छीबाजारात येतात. शेजारच्या काकूंना तासभर बाबांजवळ बसवून मी तिथे गेले. समुद्राची मच्छी ठेवणारे एकच चाचा होते, पांढऱ्या दाढीचे, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेले. मी शिंगाळा मागितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वो मिशीवाली? बेटा, पापलेट ले जाओ ना, सुरमई ले जाओ. ये तो इधर कोई नै खाता. कधी भुलून आली पेटीत तर मी फेकून देतो."

"फेकू नका चाचा. माझ्यासाठी ठेवा. मोठ्या नराच्या तोंडात अंडी असतात, तो मला पाहिजे."

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. पण पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. आवाज चढलेला. "बेटा, मैंने मुंह खोला. गळ्यात दोन गोट्या अटकल्या हायेत! मर्द मछली अंडे मुंह में लेके फिरती क्या?"

"हो चाचा. पिल्लं निघेपर्यंत. काही न खाता."

"और औरत किधर जाती?"

"ती निघून जाते."

चाचा फोनवर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग पलीकडे कुणाला तरी ओरडून ही गोष्ट सांगितलेली मला ऐकू आली. त्या दिवसापासून पेटीत शिंगाळा आला की ते माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचे.

अंडी तोंडात असलेला नर बर्फातून वऱ्हाडापर्यंत येणं कठीण. बहुतेकांनी सगळं जाळ्यातच ओकलेलं असायचं. पण पोटं पाहता येत होती. मी मासे आमच्या फ्रिजमध्ये कोंबायची आणि बाबांचं दुपारचं जेवण झालं की स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकेक काढून कापायची. स्वयंपाकघराचं दार बाबांच्या पलंगासमोरच. मी लांबी मोजायची, वजन करायची आणि आकडे मोठ्याने म्हणत वहीत लिहायची, म्हणजे बाबांना एकटं वाटू नये. ते डावा हात डोक्याखाली घेऊन ऐकत. एकदा मी माशाच्या कानातली हाडं काढली. शिंगाळ्याची ही हाडं चांगली मोठी, वाटाण्याएवढी असतात आणि झाडाच्या खोडासारखी त्यांत वर्षांची वलयं असतात. ती मी बाबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बराच वेळ अंगठ्याने फिरवली. "चा," ते म्हणाले, आणि त्या वेळी त्याचा अर्थ काय होता ते मला बरोबर समजलं. वर्गात एखाद्या पोराने चांगलं उत्तर दिलं की ते "वा" म्हणायचे, तसं.

त्या दोन महिन्यांत चांगलं म्हणावं असं तेवढंच. बाकी दिवस एकसारखे. माझ्याबरोबरच्या दोघी डॉक्टरेट मिळवून नोकरीला लागल्या. रत्नागिरीच्या घरमालकिणीने खोली दुसऱ्याला दिली आणि माझं सामान एका पोत्यात भरून ठेवल्याचं कळवलं. दादा रविवारी व्हिडिओ कॉल करायचा आणि विचारायचा, "बाबा कसे आहेत? तू बरी आहे ना?" मी बरी आहे म्हणायची. एकदा मी सगळं सांगणार होते, पण तेवढ्यात बाबांनी अंथरूण ओलं केलं.

काटा लागला तो ऑक्टोबरात. उन्हाळा परतल्यासारखं ऊन होतं. चाचांनी सकाळीच दोन किलोचा एक नर दाराशी आणून दिला होता. हातगाडीवाल्याकडून वगैरे नाही, स्वतः मोटरसायकलवर. त्याचा गळा फुगलेला होता. मी बोटाने तोंड उघडून पाहिलं तर आत अंडी होती. दोन-चार नाही, पुरती ओळ. मी जवळजवळ ओरडलेच. तो मासा मी दुपारपर्यंत बर्फाच्या कप्प्यात ठेवला. बाबांना जेवू घातलं, त्यांच्या उशाशी माझा फोन ठेवून त्यावर त्यांच्या आवडीची गाणी लावली आणि हातमोजे शोधायला लागले. मोजे सापडेनात. ते धुऊन मागच्या तारेवर टाकले होते आणि मागे जायचं म्हणजे कुलूप उघडा, फिरून जा. दोन वर्षं मी या माशाला मोज्याशिवाय हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. अंडी बघायची घाई झाली होती.

बर्फ लागलेला मासा निसटला. खाली पडू नये म्हणून मी उजव्या हाताने झेल घेतला आणि पाठीवरचा काटा अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मऊ भागातून थेट आत गेला.

पहिल्या क्षणी नुसतं टोचल्यासारखं वाटलं. मी हात मागे ओढला, तर मासा हातासोबत आला. उलटे दाते मांसात रुतले होते. आणि मग कळ सुरू झाली. भाजल्याची कळ मला माहीत आहे, विंचू मला लहानपणी चावला आहे. ही वेगळी होती. ती एका जागी थांबत नव्हती. मनगटातून कोपरात, कोपरातून काखेत चढत गेली आणि प्रत्येक ठोक्याला वाढत गेली. दोन किलोचा मासा हाताला लोंबकळला की काटा आणखी फाडायचा, म्हणून हात ओट्यावर टेकवून ठेवावा लागत होता. मी ओट्याला खिळले होते. दाराला कुलूप. फोन बाबांच्या उशाशी, त्यावर गाणं चालू. मी काकूंना हाक मारली. कूलरच्या आवाजात ती माझ्याच घराबाहेर गेली नसेल.

बाबांनी पाहिलं. त्यांनी डाव्या हातावर जोर देऊन मान उचलली आणि ओरडले, "चा!"

मी रडत होते. "बाबा, थांबा जरा."

"चा! चा!"

आणि दहा महिन्यांत जे कधी झालं नव्हतं ते झालं. मी त्यांच्यावर ओरडले. "मी इथं मरून राहिली बाबा, अन् तुमाले चहा सुचते? किती चहा पायजे तुमाले? काहून सतवता मले?"

ते गप्प झाले नाहीत. पलंगाच्या कडेला स्टीलचा पेला होता, तो त्यांनी डाव्या हाताने उचलला आणि लोखंडी पट्टीवर आपटला. एकदा, दोनदा, परत परत. "चा!" मग पेला टाकून त्यांनी बोट दाखवलं. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी. गॅसकडे. गॅसवर सकाळचं चहाचं भांडं होतं, ते भिजावं म्हणून मी त्यात घातलेलं पाणी.

गरम पाणी. शिंगाळ्याचं विष उष्णतेने निकामी होतं. सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवायचा, हाच त्यावरचा पहिला उपाय. हे मी माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात स्वतः लिहिलं होतं. रत्नागिरीच्या खलाशांकडून ऐकलं होतं, पुस्तकांत वाचलं होतं, बरोबरच्या दोन मुलींना समजावूनही सांगितलं होतं. त्या पाच मिनिटांत त्यातलं एक अक्षर मला आठवलं नव्हतं.

डाव्या हाताने गॅस सुरू केला. आधी बटण, मग लायटर. पाणी तापेपर्यंत मी मोठ्याने आकडे मोजले. तीनशेच्या पुढे गेले आणि विसरले. परात ओढून मासा आणि हात दोन्ही तिच्यात ठेवले, गरम पाण्यात थोडं गार मिसळून डाव्या कोपराने अंदाज घेतला आणि वाटीने ओतायला लागले. परत तापवायचं, परत ओतायचं. माशाचा बर्फ वितळला, परातीत लाल पाणी जमलं, त्याच्या तोंडातून एकेक अंडं सुटून हाताभोवती तरंगायला लागलं. कळ लगेच गेली नाही. पण अर्ध्या तासाने ती चढायची थांबली, मग हळूहळू खाली उतरली, काखेतून कोपरापर्यंत, कोपरातून मनगटापर्यंत. बाबा पूर्ण वेळ मान उचलून बघत होते. मानेच्या शिरा ताणलेल्या. मी म्हटलं, "कमी झालं बाबा." तेव्हा त्यांनी डोकं उशीवर टेकवलं.

परात पोटाशी धरून मी पलंगापर्यंत गेले आणि फोन घेतला. वरचाच नंबर चाचांचा होता. ते वीस मिनिटांत आले. परात दाराशेजारी टेकवून मी डाव्या हाताने कुलूप उघडलं. त्यांनी हात पाहिला.

"खींचना नै हां. उलटा काटा हाय, मांस घेऊन येईल. दवाखान्यात काढतील." त्यांनी मोटरसायकलच्या डिक्कीतून पक्कड आणली, माशाच्या पाठीशी काटा मुळातून तोडला आणि माझा हात माशापासून सुटला. काटा आतच होता, पण इतकं हलकं वाटलं की मला चक्कर आली.

"बाबांना एकटं कसं ठेवू?" मी म्हटलं.

"मैं हूँ ना. रिक्षा बाहेर उभा केला. तू जाय."

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न केला, "समुद्रातल्या माशाचा काटा? अकोल्यात?" त्याने फोटो काढला, हात बधिर करून चीर दिली, काटा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. दोन दाते आत तुटले होते. एक निघाला, एक राहिला. तो पुढे महिनाभराने पुन्हा चीर देऊन काढावा लागला आणि अंगठा त्यानंतर पूर्वीसारखा वळला नाही. अजूनही बाटलीचं झाकण मी डाव्या हाताने उघडते.

चार तासांनी घरी आले तर स्वयंपाकघर धुतलेलं होतं. मासा चाचांनी बर्फात ठेवला होता आणि अंडी वेचून एका डब्यात, डब्यावर झाकण. बाबा पाठीला उशी लावून बसलेले.

"बाबूजीने चाय मांगी," चाचा म्हणाले. "तीन बार पिली. चांगले आदमी हायेत. बोलत नाई, पण ऐकतात."

म्हणजे त्यांना खरंच चहा हवा होता की काय? मला कधीच नक्की कळलं नाही. नंतर आत्याशी फोनवर बोलताना मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, लहानपणी त्याले तळ्यात शिंगी लागली होती. काळी, इतुशीच, पण मोठी इखारी. आमच्या मायनं त्याचा हात चुलीवरून उतरवलेल्या गरम पाण्याच्या गंजात धरून ठेवला होता. सारं गाव गोळा झालं होतं त्याच्या रडण्यानं." शिंगी ही शिंगाळ्याची गोड्या पाण्यातली नातेवाईक, तिलाही तसाच काटा, तसंच विष. बाबांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. एवढं बोलणारा माणूस, आणि हीच सांगायची राहिली. मी त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही मला गरम पाणीच सांगून राहिले होते ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "चा." मग डावा हात माझ्या पट्टीवर ठेवला. मी त्यांची माफी मागितली. ती त्यांनी स्वीकारली की नाही, तेही मला विचारता आलं नाही.

एका हाताने बाबांना उचलणं शक्य नव्हतं, म्हणून दादाला यावं लागलं. पहिले चार दिवस तो उत्साहात होता. भिंतीवर वेळापत्रक लावलं, औषधांच्या डब्या नीट मांडल्या, मला म्हणाला, "सिस्टिम पायजे, बस." पाचव्या दिवशी त्याने बाबांना दुपारी तीनदा स्वच्छ केलं. सातव्या दिवशी बाबा घास तोंडातून बाहेर काढत राहिले आणि "चा, चा" म्हणत राहिले. दादाने पंखा कमी केला, जास्त केला, कूस बदलली, चहा केला, आणि शेवटी उठून भिंतीवर जोरात हात मारला. ताट पडलं. मग तो तिथेच फरशीवर बसला.

मी शेजारी बसले.

"तू कशी राहून राहिली गं इथं?" तो म्हणाला. "दहा महिने?"

"तू रविवारी विचारायचा ना, बरी आहे का."

"तू बरी आहे म्हणायची."

"मग काय म्हणू?"

त्याने ताट उचललं, भात गोळा केला. उठता उठता म्हणाला, "तुझं ते समुद्राचं काम. किती दिवस लागतील?" मी पंधरा दिवस म्हटलं. खरं तर महिना लागला असता, पण जास्त मागायची माझी सवय मोडली होती.

नोव्हेंबरात मी रत्नागिरीला गेले. हाताला पट्टी. बंदरावर पोचल्यावर वाऱ्याने ओढणी उडाली आणि मी मोठ्याने हसले, शेजारच्या बाया बघायला लागल्या. पण दुसऱ्या दिवसापासून वेगळंच सुरू झालं. दर दोन तासांनी हातातलं काम थांबायचं. बाबांची कूस बदलायची वेळ झाली, असं अंगाला वाटायचं. दुपारी धक्क्यावर मासे मोजताना मी मधेच उठून दादाला फोन करायची. तो वैतागायचा, "केलं गं मी, केलं." समुद्र समोर होता, पंधरा दिवस माझे होते, आणि मी पूर्ण वेळ त्या खोलीतच होते, पलंगाजवळच्या खुर्चीत. काम मात्र झालं. अंडी धरलेल्या तेवीस नरांची पोटं मी पाहिली. बावीस रिकामी. तेविसाव्याच्या पोटात त्याचंच एक अंडं सापडलं. भुकेने गिळलं, की गळ्यातून चुकून घसरलं, हे मला सांगता आलं नाही. मी प्रबंधात तसंच लिहिलं: सांगता येत नाही.

पंधरा दिवसांनी मी अकोल्याला परतले. बाबा पुढच्या चैत्रात गेले. दुपारी, जेवणानंतर, मी ताट विसळत असताना. आवाज काही झाला नाही. घर माणसांनी भरलं, विहारातून मंडळी आली, चाचा आले आणि दारातच बूट काढून बराच वेळ उभे राहिले. सगळे गेल्यावर दादा म्हणाला, "आता तू मोकळी." तो प्रेमानेच म्हणाला. मला त्याचा राग आला. नंतर कित्येक दिवस मी दुपारी घराबाहेर पडलेच नाही. कुणी अडवलं नव्हतं. बाहेर जाऊन काय करायचं ते सुचत नव्हतं, एवढंच.

प्रबंध त्याच वर्षी सादर केला. आता मी अमरावतीला एका महाविद्यालयात तासिकांवर शिकवते आणि एका खोलीत राहते. पहिल्याच रविवारी सकाळी मला काही काम नव्हतं. बसस्टँडवर गेले, समोर मोर्शीची गाडी लागली होती, तिच्यात बसले. मोर्शीत माझं ओळखीचं कुणी नाही. संत्र्यांचे दिवस होते. रस्त्याकडेला एका बाईकडून चार संत्री घेतली आणि बांधावर बसून एकेक सोलून खाल्ली. अंगठा वळत नाही म्हणून सालं तुकड्यातुकड्यांनी निघत होती. चौथं संत्रं आंबट निघालं, तेही खाल्लं. मग उठून परतीच्या गाडीची वेळ विचारली. ती बाई म्हणाली, "तासाभरानं हाय. काहून, घाई हाय का?"

मी थोडा विचार केला आणि नाही म्हटलं.